गल्लीच्या तोंडाशी थांबणारा टेंपो

फलटणच्या बाजूला उसाची रोपं पोचवायला आकाराम अधूनमधून खेप करायचा. शेतकऱ्याच्या बांधावर रोपं उतरली, मोकळे ट्रे मागं रचून झाले, की सरळ घरची वाट धरायची सोडून तो टेंपो फलटण गावात घालायचा. त्याच्या मावशीच्या गल्लीच्या तोंडाला एक कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीला गाडी लावायची आणि इंजिन बंद करून काच वर करून बसायचं. शाळा सुटायची ती वेळ. पोरांचा लोंढा निघून गेला, की सगळ्यांच्या मागनं एक पोरगी यायची. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, आणि चाल अशी संथ, की पायाखाली मुंग्या असाव्यात. ती त्याची लेक, शिवांजली. गल्लीच्या मधोमध मावशीचं घर. पोरगी उंबरा ओलांडून आत गेली, की हा चावी फिरवायचा आणि आदर्कीच्या घाटाकडं निघायचा. उतरायचा नाही. हाक मारायचा नाही.

घरी आल्यावर बायको, पूजा, विचारायची, "दिसली का?"

"दिसली."

"कशी हाय?"

"चालत हुती."

"चालत न्हाईतर काय उडत येनार हाय?" म्हणायची आणि भाकरी अशी थापायची, की शेजारच्या घराला कळावं हिचं डोकं फिरलंय.

हा आकाराम आमच्या गावचा. कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला, सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो तिथलं आमचं गाव. गावात ऊस सगळेच लावतात, पण उसाची रोपं करून विकायचा धंदा पहिल्यांदा यानं काढला. चांगल्या प्लॉटातला ऊस निवडून आणायचा, एकेक डोळ्याचं बेणं तोडायचं, औषधात बुडवून ट्रेमधल्या कोकोपीटात, म्हणजे नारळाच्या भुशात, बसवायचं, आणि कोंब वर आला की हिरव्या जाळीखाली पसरायचं. हाताला गुण असलेला गडी. बोलायला कमी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्यानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. पण रोपाशी बोलताना आम्ही त्याला ऐकलंय.

त्याचं लहानपण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्याची आई अनसूया, माहेर फलटण. आल्या आल्या सगळ्या आळीला तिचा गळा माहीत झाला, एवढी गायची. थोरला आकाराम झाला तोवर ठीक होतं. धाकटा कृष्णात झाला आणि बाई बसत गेली. चुलीपुढं बसली, की चूल न पेटवता तशीच बसून राहायची. गोठ्यात गाय हंबरतेय, पाळण्यात पोर रडतंय, आणि हिचे डोळे भिंतीला. त्या काळी याला आजार म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी आळस म्हणालं. नवरा हरिबा कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. दमून यायचा, घरात चूल थंड बघायचा आणि तापायचा. "नाटकं हायती हिची," म्हणत हात उगारायचा. आकाराम मध्ये पडायचा आणि तो हात त्याच्या पाठीत बसायचा. हरिबा राक्षस नव्हता. बायकोला काय झालंय ते त्याला कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर गुरकावायचं एवढंच त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं.

अनसूयेची थोरली बहीण बनुबाई, फलटणलाच दिलेली, एकदा बघायला आली. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. घराची कळा बघितली, पाळण्यातलं पोर काखेला मारलं आणि म्हणाली, "ह्ये मी न्हेती. थोरला ऱ्हाऊ दे अनुजवळ. त्येला कळतंय आता."

कळणाऱ्या पोराचं वय काय, तर शाळेत नुकतं नाव घातलेलं. तिथनं पुढं चूल पेटवायची ती त्यानं, आईला घास भरवायचा तो त्यानं आणि बापाच्या ट्रॅक्टरचा आवाज शिवेवर आला की आईला उठवून उभी करायची, तीही त्यानंच.

दर मे महिन्यात मावशी कृष्णातला घेऊन एस्टीनं यायची. कृष्णात गुबगुबीत झाला होता, झोपताना मावशीच्या पोटावर पाय टाकायचा. आकाराम ते बघत पडायचा. एका वर्षी ती माघारी निघाली त्या सकाळी यानं आपले दोन सदरे आणि पाटी एका पिशवीत भरली आणि स्टँडवर तिच्या शेजारी जाऊन बसला. एस्टी आली. मावशीनं कृष्णातला खिडकीशी बसवलं, याच्या तोंडावरनं हात फिरवला, आणि गाडी गेली. पिशवी घेऊन पोरगं घरी आलं आणि चूल पेटवायला बसलं.

पुढं काही वर्षांनी अनसूया तापाचं निमित्त होऊन गेली. निमित्तच, खाणंपिणं तिनं आधीच सोडलं होतं. मग बापाला भाकरी करायला माणूस पाहिजे म्हणून आकाराम राहिला तो राहिलाच.

कृष्णात मावशीकडंच वाढला, मिलिटरीत गेला, हवालदार होऊन सुटला. आता एका साखर कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करतो आणि मावशीला सांभाळतो. छाती काढून चालतो, मोठ्यानं हसतो. गावजत्रेला दोघं भाऊ शेजारी उभे राहिले, की बायका बोलायच्या, "किसना बापावर गेला, आकाराम आईवर." आकाराम ते ऐकायचा आणि मान खाली घालायचा.

दोन वर्षांमागं, सगळं बरं चाललेलं असताना, त्याला आईचं दुखणं आलं. लोकांचं इथंच डोकं चालेना. धंदा बरा, बायको गुणाची, पोरगी हुशार, मग या गड्याला झालं काय? झालं ते असं, की एक दिवस पूजा जाळीखाली गेली तर पाइपातनं पाणी सुरू, ट्रे वाहून चाललेले, आणि हा पाण्यात मांडी घालून बसलेला.

"आवं, पानी बंद करा की."

"करतो," म्हणाला. आणि बसूनच राहिला.

पूजाच्या आईनं देवऋषी सुचवला. पूजा म्हणाली, "आदी डाक्टर. देव कुटं पळून जातोय." आणि गावात बोभाटा नको म्हणून कराड सोडून लांब सांगलीला मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बरंच विचारलं आणि त्यात एक विचारलं, "घरात आधी कुणाला असं होतं का?"

"आईला," आकाराम म्हणाला.

मग लहानपणाचं विचारलं. त्यानं तुटक तुटक सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघा, आईकडनं आजार जसाच्या तसा येत नाही. त्या बाजूचा कल येतो. तो कुठल्या एका गोष्टीत नसतो, रक्तातल्या कितीतरी बारीकसारीक गोष्टी मिळून असतो. आणि लहानपणी मार, भीती, एकटं पडणं असं वाट्याला आलं, की तो कल वाढतो. दोन्ही मिळून माणूस वाकतो. पण जवळ धरून ठेवणारं कुणी असलं, तर तोच कल पुष्कळदा सावरतो. खात्री मात्र दोन्हीकडनं कुणाला देता येत नाही."

आकारामनं एवढंच विचारलं, "म्हंजी माज्या पोरीतबी हाय?"

"असू शकेल. नसेलही."

"मग तिला लांब ठेवल्यालं बरं."

"असं मी म्हणाले नाही," बाई म्हणाल्या. पण गडी उठून चपला शोधायला लागला होता.

रोपवाल्याच्या डोक्यात काय बसलं, ते रोपवाल्यालाच कळेल. उसाला गवताळ वाढ नावाचा एक रोग असतो. एखाद्या बेटाला गवतासारखे पांढुरके बारीक फुटवे येतात. तसलं बेट दिसलं की मुळासकट खणून जाळायचं आणि त्या रानातलं बेणं घ्यायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. आकारामनं आपल्या घराला तोच लावला. आपण रोगट बेट. कृष्णात लहानपणीच रानातनं उचलला गेला म्हणून निरोगी राहिला, आणि आपण आईच्या बुडाशी वाढलो म्हणून हे असे झालो. पोरगी निरोगी आहे तवरच उचलली पाहिजे.

"आवं, पोरगी हाय ती, ऊस न्हवं," पूजा म्हणाली.

"किसना वाचला का न्हाई?"

किसना वाचला होता, हे खरंच होतं. त्यात गोळ्या नुकत्या लागू पडायला लागल्या होत्या, नवऱ्याच्या मनाविरुद्ध जायचं तिच्यानं झालं नाही. जूनमध्ये शिवांजलीला मावशीकडं ठेवून तिचं नाव फलटणच्या शाळेत घातलं. पोरगी पाचवीला. निघताना विचारलं, "पप्पा, तुमी कवा येनार?" आकाराम ट्रे धूत होता. धूतच राहिला.

आणि मग लिंबाखालच्या त्या खेपा. घरात गेलो तर ती गळ्यात पडेल, आणि आपल्या अंगचं तिला लागेल, असं त्याला खरंच वाटायचं. हे संसर्गाचं दुखणं नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण गल्लीकडं पाय वळायचा नाही. दिवाळीला पोरगी घरी आली, तर नेमकी त्याच दिवसांत त्यानं विदर्भाची ऑर्डर घेतली आणि घरच सोडलं. माघारी आला तेव्हा पोरगी गेली होती. तिच्या उशीवर डोकं टेकून दुपारभर पडून राहिला.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. असाच लिंबाखाली बसला होता. शाळा सुटली, पोरं गेली. शिवांजली आली नाही. आकाराम काच खाली करून गल्लीत बघायला लागला, तेवढ्यात दुसऱ्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. कृष्णात. अंगावर गेटवरच्या ड्यूटीचे कपडे.

"दादा, उतर खाली."

"न्हाई, उशीर हुतोय."

"उतर म्हनलं. न्हाईतर हवा सोडतो चाकाची."

कोपऱ्यावरच्या टपरीत दोघं बसले. चहा आला. कृष्णातनं बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"शिवू शाळंत गेली न्हाई आज. कालबी न्हाई. जेवान सोडलंय. दाराकडं तोंड करून बसती. मावशी काल मला म्हनली, किसना, अनु अशीच बसायची रं."

आकारामनं पेला खाली ठेवला. "म्हंजी आलंच तिच्यात. लांब ठिवूनबी."

"लांब ठिवून न्हवं. लांब ठिवल्यामुळं."

"तुला काय कळतंय त्यातलं. तू सुटलास."

कृष्णात मोठ्यानं हसणारा माणूस, पण या वेळी नुसतं नाकातनं हसला. "कुटला सुटतोय. लडाखला असताना मला बी आलं हुतं."

"काय?"

"ह्येच. सकाळी उटायचो, बूट हातात घ्यायचो आन बसून ऱ्हायचो. बांधायचं सुचायचं न्हाई. शेजारची पोरं म्हनायची, हवालदार, बूट खायाचा का काय आता? आई चुलीपुढं बसायची का न्हाई, तसा."

"तुला कुटं आठवतीया आई. मे म्हयन्यापुरता यायचास तू."

"मावशीनं सांगितलंया. तिनं माज्यापसनं आईचं कायच लपवलं न्हाई. फोन लावला तिला, म्हनलं, मावशे, मला बूट बांधता येईनात. ती म्हनली, आत्ता जा आन सायबाला सांग. तुज्या आईचं दुकनं हाय ते. तिनं कुनाला सांगितलं न्हाई, तू सांग. ग्येलो. त्येनी खाली आनलं, दवाखान्यात ठिवलं, गोळ्या दिल्या. मावशी तितं येऊन ऱ्हायली. हिंदीचा एक शब्द येत न्हाई, पर वॉर्डातल्या समद्या पोरांस्नी दमात घ्यायची. उतरलं माजं काय म्हयन्यांनी."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"लाज वाटली. मला वाटलं तू म्हनशील, ह्यो बी आईवरच ग्येला."

टपरीवाल्यानं विचारलं, "आनखी देऊ का?" कृष्णातनं हातानंच नको म्हटलं.

"रक्त दोगांचं येकच हाय, दादा," कृष्णात म्हणाला. "वैनीनं तुजं बेटाचं सांगितलंया मला. मला मावशीनं रानातनं उचलला म्हनून म्या बरा न्हाई. उचलून छातीशी धरला म्हनून. तुला कुनी धरलाच न्हाई. आन तू आता पोरीलाबी त्येच दिलंस. तिला उचललीस कुटं, तू तर तिला सोडलीस."

आकाराम उठला. कृष्णातला वाटलं टेंपोकडं निघाला. पण तो गल्लीत वळला.

मावशी उंबऱ्यात बसली होती. आता पार वाकलीय, पण डोळे तेच. आकाराम तिच्यापुढं उभा राहिला, तशी म्हणाली, "आलास व्हय. मला वाटलं लिंबाला पालवी फुटंपतूर तितंच बसतोस."

"मावशे, तुला ठावं हुतं?"

"समद्या गल्लीला ठावं हाय. बायका म्हनत्यात, बनुबाई, तुज्या दारावर पाळत हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुजी पिशवी मी बगितली हुती, आकारामा. स्टँडवरची. दोन सदरं आन पाटी. तुला न्हेला असता तर अनुला घास कोन भरवनार हुतं? आन न्हाई न्हेला, तर तुजं ह्ये असं झालं. मला आजून त्ये कोडं सुटत न्हाई. एस्टी बगितली की तू दिसतोस."

आकारामनं वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, तेव्हा फिरवला होता तसाच. या वेळी गाडी सुटायची नव्हती.

आतल्या सोप्यात शिवांजली दाराकडं तोंड करून बसलेली. बापाला बघून उठली नाही. आकाराम तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. कसं बोलायचं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"जेवली का?"

"न्हाई."

"मी बी न्हाई."

पोरगी म्हणाली, "टेंपो मी वळखला हुता. पयल्या दिवशीच. मागच्या फळीवर मी काढल्यालं फूल हाय की."

"मग हाक का न्हाई मारलीस?"

"आईनं सांगितलं हुतं, पप्पांना बरं न्हाई, तरास द्यायचा न्हाई. मग मी सगळ्यांच्या मागनं यायची. हळूहळू चालायची. म्हंजी तुमाला लय येळ दिसंन."

आकारामनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मग पोरगीच सरकली आणि तिनं त्याच्या मांडीवर पाय टाकले.

मावशीनं पिठलं-भाकरी वाढली. पोरगी अर्धीच भाकरी जेवली, पण जेवली. त्याच दिवशी दप्तर आणि कपडे टेंपोत पडले. शाळेचं काय, असं कृष्णात म्हणाला, तर मावशी म्हणाली, "शाळा काय पळून जाती व्हय? मी बगती मास्तराकडं. तू तुजं गेट सांभाळ."

घाटात एका वळणाला आकारामनं गाडी बाजूला घेतली. खाली माळ पसरलेला, लांब कुठं उसाचे हिरवे तुकडे. त्यानं पोरीला सगळं सांगितलं. आजीचं सांगितलं, आपलं सांगितलं, गोळ्या रोज घ्याव्या लागतात तेही सांगितलं. मार सांगितला नाही, तो कधीतरी पुढं सांगू म्हणाला मनाशी.

"मला बी हुनार?" तिनं विचारलं.

"हुईल नाहीतर न्हाई बी. त्ये डाक्टरलाबी सांगता येत न्हाई. पर आता जेवू वाटंना, शाळंत जाऊ वाटंना, असं झालं, की मला सांगायचं. तुज्या आजीचं कुनाला कळलंच न्हाई. आपून सांगायचं."

"तुमी पन सांगायचं."

"व्हय. मी बी."

पुढच्या आठवड्यात पूजानं दोघांनाही सांगलीला नेलं. डॉक्टरबाईंनी पोरीशी तासभर गप्पा मारल्या आणि आकारामला ओरडल्या, पण बेतानं.

हे सगळं झालं म्हणून आकारामचं दुखणं पळालं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. परवाच मी रोपं बघायला गेलो, तर जाळीखाली पूजा एकटीच. म्हणाली, "आज त्येंचा दिस बरा न्हाई." दार उघडंच होतं. आकाराम खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. शाळेतनं आलेली शिवांजली पायाशी बसून मोठ्यानं पाढे म्हणत होती.

"पप्पा, च्या करून आनू?" तिनं विचारलं.

"नगं." खाटेवरनं आवाज आला, जड, पण आला. "च्या आई करंल. चुलीपाशी तू जायाचं न्हाई. तू खेळाय जा."

"मग तुमी?"

"मी हाय हितंच. सांज झाली की ये."

पोरगी दप्तर टाकून पळाली. आकाराम कुशीवर वळला आणि दाराकडं तोंड करून पडून राहिला. बाहेर पोरांचा कालवा चालला होता. त्यातला आपल्या पोरीचा आवाज कुठला, ते तो ऐकत होता. मी दारात उभा होतो, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.